ठरलेला वग, न ठरलेलं बोलणं

वगातल्या राजाला एक प्रश्न नेमून दिलेला असतो. दरबार भरतो, म्हणजे मोकळ्या रंगमंचावर राजा येऊन उभा राहतो आणि विचारतो, "प्रधानजी, राज्याची हालहवाल काय?" हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या तोच आहे. उत्तर मात्र रोज नवं. समजा, प्रयोग कोल्हापुरात आहे, दिवस पावसाळ्याचे आहेत आणि प्रधानाच्या आधी हवालदारच तोंड घालतो:

"हाल हायेत म्हाराज, हवाल न्हाई."

"म्हणजे?"

"राजाराम बंधाऱ्याला पाणी एकोणचाळीस फुटांवर गेलंय."

"मग?"

"मग काय, त्रेचाळीसला धोका. तवर बसा की निवांत. चार फूट राज्य तुमचंच हाय."

हा संवाद मी आत्ता रचला आहे. कुठल्या संहितेत शोधू नका. २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर पाहिलेल्या या गावाला एकोणचाळीस म्हणजे इशारा आणि त्रेचाळीस म्हणजे धोका, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. सोलापुरात तोच हवालदार उजनी वजा किती झाली ते सांगेल. राजाचा प्रश्न तिथेही हाच असेल.

अशा जागी सगळ्यांचं लक्ष हवालदाराकडे जातं. टाळी त्याची असते, नाव त्याचं होतं. माझं म्हणणं, राजाकडे पाहा. त्याच्या वाट्याला इथे दोनच शब्द आले आहेत. "म्हणजे?" या पहिल्या शब्दाने त्याने हवालदाराला विचार करायला एक श्वासभर अवधी दिला आणि मागच्या रांगेलाही कळू दिलं की काहीतरी येतंय. "मग?" या दुसऱ्याने त्याला पुढे ढकललं. राजा स्वतः आधी हसला असता, किंवा "पूर आला वाटतं" असं काही शहाणपणाचं बोलला असता, तर विनोद तिथेच बुडाला असता. टाळी पडून गेल्यावर आणखी एक काम त्यालाच करायचं आहे. "ते ऱ्हाऊ द्या. कोतवालाच्या जागेचं काय झालं?" असं म्हणून त्याला दरबार पुन्हा गोष्टीवर आणायचा आहे. हवालदार कुठे भरकटेल हे राजाला ठाऊक नसतं. भरकटल्यावर कुठे परत आणायचं, हे त्याने घरून ठरवून आणलेलं असतं.

तयारी आणि उत्स्फूर्तता यांची तुलना करताना आपण सहसा एकाच माणसाचा विचार करतो. याने पाठ केलं होतं, त्याला जागच्या जागी सुचलं, एवढंच म्हणून थांबतो. वग मात्र हा हिशेब दोन माणसांत वाटून टाकतो. एकाने तयारीचं ओझं उचलायचं, म्हणजे दुसऱ्याला मोकळं सुटता येतं.

हा विषय डोक्यात घोळायला एक परदेशी खेळ निमित्त झाला. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. आता तो आपल्याकडच्या पोरांनाही माहीत आहे. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक सोंग घेतो, कुणी योद्धा होतो, कुणी चोर, कुणी मांत्रिक. एक जण मात्र सोंग न घेता खेळ चालवतो. तो सांगतो, "समोर दार आहे, आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज येतोय. काय करता?" मग बाकीचे सांगतात, फासे पडतात आणि गोष्ट पुढे सरकते. हा चालवणारा माणूस आपल्या राजासारखाच पेचात असतो. पन्नास पानं लिहून आणावीत, तर पोरं दाराकडे न जाता खिडकीतून उडी मारतात आणि पन्नास पानं वाया जातात. काहीच न आणावं, तर तासाभरात गोष्टीचा पीळ सुटतो. पन्नास वर्षं या खेळाची माणसं यावर हिरिरीने भांडत आहेत.

त्यांच्याकडे एक पुस्तिका सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निघाली. लेखक माईक कार, नाव 'इन सर्च ऑफ द अननोन'. खेळ चालवायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी ती होती. तळघरांचा नकाशा छापलेला, प्रत्येक खोलीचं वर्णन केलेलं. पण कुठल्या खोलीत कुठला राक्षस आणि कुठे खजिना, या जागा रिकाम्या सोडलेल्या. शेवटी याद्या दिल्या होत्या, त्यांतून निवडून चालवणाऱ्याने स्वतःच्या हाताने भरायचं. मला ही कल्पना फार आवडली. जागा पक्क्या, वस्ती मोकळी. आमच्या वगात उलटं आहे. वस्ती पक्की असते. राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार, मैना ठरलेले, आणि मोकळं असतं ते त्यांचं बोलणं.

हे मोकळं बोलणं वगाच्याही आधीचं. गण झाला की गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा पेंद्या आणि पुरुषाने नेसलेल्या लुगड्यातली मावशी. वाट अडणार आणि शेवटी सुटणार, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मधली घासाघीस किती चालायची ते मावशीच्या जिभेवर आणि समोरच्या पटांगणावर अवलंबून. पुढे बतावणी, म्हणजे तर निव्वळ दोघांची जुगलबंदी. वग त्या मानाने नवा. सावळजच्या उमा-बाबूचा १८६५ सालचा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानतात. म्हणजे लिहिणारा माणूस तमाशात शिरला तेव्हा न लिहिलेलं बोलणं तिथे आधीपासून ठाण मांडून बसलेलं होतं. वगाच्या लेखकाने ते हुसकावलं नाही. त्याच्याभोवती त्याने कथा बांधली. युरोपातही असंच काहीसं घडलं होतं. इटलीतल्या मुखवट्यांच्या नाटक मंडळ्या संवाद पाठ करत नसत. कोण कधी येतो, काय घडतं आणि कोण कधी जातो एवढा आराखडा घेऊन त्या उभ्या राहत. फ्लामिनिओ स्काला याने १६११ साली असे पन्नास आराखडे छापून काढले. आज ते वाचायला घ्या, अगदी कोरडे लागतात. वगाचं छापील पुस्तकही कोरडंच लागतं, आणि त्यावरून त्याची किंमत करणं ही मोठी चूक.

ही चूक सर्वांत जास्त झाली ती वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'च्या बाबतीत. १९६५ साली रंगमंचावर आलेलं हे लोकनाट्य. मूळ नाव 'छपरी पलंगाचा वग'. दादा कोंडक्यांनी त्याचे दीड हजारांवर प्रयोग केले आणि 'विच्छा' म्हणजे दादा असं समीकरण होऊन बसलं. ज्यांनी ते प्रयोग पाहिले त्यांना विचारा. ते कथानक सांगत नाहीत, दादा काय म्हणाले ते सांगतात. त्यातून एक समज पसरला की संहिता म्हणजे नुसती दोरी, खरे कपडे दादांचे. तो समज खोडून काढण्यासाठी संहितेकडे जरा जवळून पाहू.

कथा एका दमात सांगता येते. कोतवालाची जागा रिकामी झाली. हवालदाराची नोकरी जुनी, जागा त्याची. पण प्रधानाने आपल्या मेहुण्याला तिथे बसवलं. हवालदार आणि त्याची मैना, दोघांनी मिळून बेत रचला. मैनेने नव्या कोतवालाला भुलवलं आणि म्हणाली, राजाचा छपरी पलंग मला आणून दे. त्याने तो चोरला, पकडला गेला आणि हवालदार कोतवाल झाला.

आता यात सबनीसांनी काय पेरून ठेवलंय ते पाहा. पहिलं, डावललेली बढती. ही तक्रार कुठल्याही साली आणि कुठल्याही गावात शिळी होत नाही. प्रधानाचा मेहुणा म्हटलं की प्रेक्षक आपापल्या तालुक्यातला मेहुणा मनात आणून बसवतो. नटाने नुसतं एक नाव अर्धवट उच्चारलं तरी पुरे. आजचं वर्तमानपत्र टांगायला खुंटी हवी. ती खुंटी लेखकाने १९६५ साली ठोकली आणि प्रत्येक दशकात तिच्यावर नवं वर्तमानपत्र लटकत गेलं.

दुसरं, पलंग. मला 'विच्छा'तली ही सर्वांत मोठी कारागिरी वाटते. मैनेने हार मागितला असता, अंगठी मागितली असती, तरी चोरी झालीच असती. पण अंगठी खिशात जाते. छपरी पलंग कुठे जाणार? चार खांब, वर छप्पर. तो उचलायला माणसं लागतात, दारातून तिरका करावा लागतो, आणि लपवणार कुठे? ती वस्तू नुसती उच्चारली की हशा येतो. त्याहून महत्त्वाचं असं की पलंगाचं नाव निघताच कोतवाल सापडणार हे आपल्याला कळून चुकतं. गोष्टीचा शेवट प्रेक्षकाच्या हातात आधीच दिला, की पुढे काय होणार ही घाई संपते. घाई संपली की नटाला वेळ मिळतो. एकाच प्रवेशात तो वाटेल तितका रेंगाळला तरी प्रेक्षक चुळबुळत नाही, कारण पलंग कुठे पळून जात नाही. दादा जे मोकळे फिरत होते ते या पलंगाच्या जिवावर.

तिसरं, या कथेत प्रत्येकाला काहीतरी हवं आहे आणि ते काय, हे लपवलेलं नाही. हवालदाराला जागा हवी, कोतवालाला मैना हवी, प्रधानाला आपला माणूस गादीजवळ हवा, राजाला आपला पलंग. शीर्षकच त्यावर बेतलं आहे. ज्या नटाला आपल्या पात्राला काय हवंय ते पक्कं माहीत आहे, तो कुठलंही वाक्य बोलला तरी चुकत नाही. विन्सेंट आणि मेग्वे बेकर या जोडप्याचा 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' नावाचा टेबलावरचाच खेळ २०१० साली आला. तो चालवणाऱ्याला सांगतो की कथा आधी रचू नका. कोण कोण माणसं आहेत आणि त्यांना काय हवंय, तेवढं लिहून ठेवा. त्या खेळाच्या जगात ही नवी दिशा ठरली. सबनीस ते पंचेचाळीस वर्षं आधी करून बसले होते, आणि तमाशाच्या फडांनी ते त्यांच्याही आधी केलं होतं.

दादांचं कौतुक यात कमी होत नाही. समोर आलेला माणूस कोण आहे, आज काय वाचून आलाय, कशाने दुखावलाय हे हुंगण्याचं त्यांचं नाक विलक्षण होतं. सेवादलाच्या कलापथकात, बँडात, लालबागच्या गल्लीत घडलेलं ते नाक. पण ते रोज रात्री नव्या वाटेने गेले आणि रोज पलंगापाशीच परतले, यात त्यांच्या सोबत्यांचा आणि संहितेचा वाटा आपण मोजत नाही.

कोल्हापूरशी त्यांचं नातं इथून पुढे जुळतं आणि माझी एक तक्रारही इथेच सुरू होते. कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांनी 'तांबडी माती'त त्यांना पडद्यावर आणलं, १९६९ साली. पाठोपाठ १९७१ मध्ये 'सोंगाड्या' आला, त्याचंही लेखन सबनीसांचंच. 'सोंगाड्या' अजूनही हसवतो, कारण त्यातला भाबडा नाम्या नीट बांधलेला आहे. पण पडद्यावर सोंगाड्या गेला की त्याचा प्रेक्षक जातो. कॅमेऱ्यासमोर सुचलेली कोटी एकदाच सुचते, मग ती फिल्मवर गोठते आणि तीच गावोगाव फिरते. पुढच्या चित्रपटांत कोट्या वाढत गेल्या, "मग?" म्हणणारा राजा पातळ होत गेला. द्व्यर्थावर नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. तमाशात द्व्यर्थ पहिल्यापासून आहे आणि असायला हवा. माझी हरकत वेगळी आहे. गोष्टीने परत बोलावणं बंद केलं, की कोटीला घर उरत नाही, मग ती एकटीच फिरते आणि लवकर दमते. दादांच्या चित्रपटांचे रौप्यमहोत्सव ओळीने झाले हे खरं. तरी मला विचाराल तर त्यांची कला 'विच्छा'च्या रंगमंचावर होती.

दुसऱ्या टोकाला आमचे शंकर पाटील. पट्टणकोडोलीचा हा माणूस. 'कथा अकलेच्या कांद्याची' आणि 'लवंगी मिरची कोल्हापूरची' ही त्यांची लोकनाट्यं. सबनीस नटासाठी जागा मोकळी सोडतात, पाटील ती बोलीने भरून काढतात. हातकणंगल्याच्या रानातली ती भाषा, वाक्य अर्ध्यात तोडून "व्हय का न्हाई?" म्हणत दुसऱ्याच्या गळ्यात टाकण्याची ती लकब, हे सगळं कागदावरच इतकं जिवंत आहे की त्यात नटाने स्वतःचं वाक्य घुसवलं तर ते ठिगळ चटकन दिसतं. निळू फुले आणि राम नगरकर 'अकलेच्या कांद्या'त होते. असल्या संहितेत नटाला मोकळीक उरते ती थांबण्याची. कुठलं वाक्य किती उशिरा टाकायचं, हे तो त्या रात्री ठरवतो. पाटील स्वतः व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर कथाकथनाला उभे राहत, तेव्हाही हेच होत असे. कथा छापलेली, पुष्कळांनी वाचलेली, शब्द तेच. तरी सभागृह हसायला लागलं की वाक्य अडवून धरायचं, हसू ओसरायच्या आत सोडायचं. ही उत्स्फूर्तता कागदावर कुठेच दिसत नाही म्हणून तिला कुणी उत्स्फूर्तता म्हणत नाही, एवढंच.

टेबलावरच्या खेळाशी वगाची तुलना एका ठिकाणी मात्र अडते. वगातला हवालदार कितीही भरकटला तरी तो पलंगाची चोरी होऊच द्यायची नाही असं कधी म्हणत नाही. तो फडाचाच माणूस. टेबलाभोवतीची पोरं मात्र खुशाल पलंग जाळून टाकतील. तिथे समोरचा खेळाडू खरोखरच परका असतो, आणि अशा परक्याला तोंड देण्याची आपली जागा तमाशात नाही, भेदिकात आहे. कोल्हापूर भागात कलगी-तुऱ्याची ही परंपरा जुनी. कलगीवाले शक्तीला थोर मानणार, तुरेवाले शिवाला; डफ-तुणतुण्यावर रात्रभर सवाल-जवाब. समोरचा शाहीर पुराणातला कुठला कोपरा उकरून काढेल याचा नेम नाही. इथे वगासारखा शेवट ठरलेला नसतो, की प्रश्न विचारणारा आपल्या बाजूचा नसतो. मग शाहीर तयारी कशाची करतो? त्याच्याजवळ बाड असतं. गुरूकडून उतरवून घेतलेलं, पुराणं, अध्यात्म, आकडे, कूटं यांनी गच्च भरलेलं. त्यातलं नेमकं काय लागेल हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो सगळंच मुखोद्गत करतो. उत्तर ऐन वेळी जुळवायचं, आणि जुळवताना झीलकरी ओढत असलेल्या "जी जी रं जी"च्या आधाराने पुढची ओळ शोधायची. विचारलेल्या प्रश्नाला पाठ केलेलं भलतंच उत्तर चिकटवलं, तर पारावरचे म्हातारे लगेच ओळखतात. खासबागेच्या कुस्ती मैदानातल्या पैलवानासारखं आहे हे. तालमीत सगळे डाव घोटायचे, पण समोरच्याने पट काढलाच नाही तर पटाचा तोड काढून दाखवता येत नाही.

याच खासबागेला पाठ लावून शाहू महाराजांनी उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आत्ताचं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. नाटकवाल्यांना कोल्हापूरचा प्रेक्षक इथे भेटायचा. हा प्रेक्षक गप्प बसत नाही. नट अडखळला की खालून वाक्य येतं, आणि ते बऱ्याचदा संहितेतल्यापेक्षा बरं असतं. अशा ठिकाणी नुसतं पाठांतर घेऊन आलेला नट सापडतो, आणि नुसता हजरजबाबीपणा घेऊन आलेलाही सापडतो. दुसरा जरा उशिरा, मध्यंतरानंतर.

सरकारने मात्र हा सगळा मामला कागदात बांधायचा प्रयत्न केला. आपल्याकडे १९५४ पासून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. प्रयोगाआधी संहिता तिथून मंजूर करून घ्यायची. मंडळाने वाचलेल्या कागदावर राजाचा प्रश्न असतो आणि हवालदाराचं एखादं गरीब उत्तर असतं. बंधाऱ्याचे एकोणचाळीस फूट त्या कागदावर कुठून असणार? ते तर त्या दिवशी दुपारी वाढलेले.

आता 'विच्छा'कडे परत. दादांनी ती थांबवली १९७५ साली. ती तिथेच संपायला हवी होती, जर ती फक्त दादांची असती तर. पुढे विजय कदमांनी हवालदार उभा केला आणि शेकडो प्रयोग चालवले. त्यांचा विनोद दादांचा नव्हता, अंगही वेगळं आणि काळही वेगळा. हिंदीत हाच वग 'सैयां भए कोतवाल' होऊन गेला आणि जिथे मैना, मावशी, पेंद्या कुणाला ठाऊक नाहीत अशा प्रेक्षकांपुढे रंगला. भाषा बदलली, नट बदलले, कोट्या तर एकूण एक बदलल्या. बदलली नाही ती डावललेली बढती, मेहुणा आणि तो दारातून न मावणारा पलंग.

संहिता छापील मिळते. ती डोळ्यांनी वाचू नका, कोरडी लागेल. दोघांनी मिळून मोठ्याने वाचा, हवालदाराच्या तोंडी आपल्या गावचं काय ते घाला. राजाची भूमिका मात्र दोघांतला जो जास्त हुशार असेल त्याने घ्यावी. दादांवाचून 'विच्छा' झाली आणि पुढेही होईल. छपरी पलंगावाचून ती एक रात्रही चालणार नाही.